लहान मुलांना रोमचा इतिहास कशासाठीं?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यांपैकीं कांहीं जणांना नवल वाटलें असेल. ज्या मुलाला अजून जोडाक्षर नीट वाचतां येत नाहीं, त्याला दोन हजार वर्षांपूर्वींच्या रोमचा इतिहास शिकवावयाचा, आणि तोही वाचन-लेखन पक्कें व्हावें म्हणून, हें म्हणणें प्रथमदर्शनीं उरफाटें वाटतें. मलाही तें तसेंच वाटलें होतें. मी इतिहाससंशोधक नव्हें, कीं शिक्षणशास्त्राचा पंडितही नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पस्तीस-छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत मुलांकडून अक्षरें गिरवून घेतलेला एक सेवानिवृत्त मास्तर आहें. तेव्हां जें पाहिलें, जें वाचलें आणि ज्याचा माझ्या स्वतःच्या कामाशीं ताळा घेतां आला, तेवढेंच आज आपल्यापुढें मांडणार आहें.

प्रारंभीं माझी एक चूक सांगतों. कारण पुढील सर्व विवेचन तिच्यापासूनच निघालें आहे. माझ्या चौथीच्या वर्गांत एका शेतकऱ्याचा मुलगा होता. इतिहासाचा धडा तो असा घडाघडा म्हणे, कीं ऐकणाऱ्यानें थक्क व्हावें. सनावळी तोंडपाठ, लढायांचीं नांवें तोंडपाठ. तोंडी परीक्षेंत मीं त्याला पैकींच्या पैकीं गुण दिले होते. एके दिवशीं त्याचा बाप त्याला घेऊन शाळेंत आला. हातांत कर्जाच्या हप्त्याविषयीं आलेला चार ओळींचा कागद. स्वतः निरक्षर असलेला तो गृहस्थ म्हणाला, "गुरुजी, पोरगं वर्गांत पहिलं येतं म्हणतां, आणि आठ दिवस झाले, एवढा कागद वाचून देत नाहीं. मग वाचतों, मग वाचतों, असंच चाललंय. जरा दटावा त्याला." मीं कागद मुलाच्या हातीं दिला आणि म्हटलें, "वाच." त्यानें पहिल्या शब्दावर बोट ठेवलें, आणि तें बोट तेथून हललेंच नाहीं. त्याला धडा येत होता. वाचतां येत नव्हतें. शेवटीं मींच तो कागद वाचून दाखविला. हप्त्याची मुदत टळून दोन दिवस झाले होते. बाप मुलाला कांहीं बोलला नाहीं, मलाही कांहीं बोलला नाहीं. "बरं आहे, गुरुजी" एवढें म्हणून तो निघून गेला.

त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. माझ्या वर्गांत भाषेचा तास निराळा होता आणि इतिहासाचा निराळा. भाषेच्या तासाला मुलें अक्षरें ओळखीत, पण त्या वाचनांत जाणून घेण्यासारखें फारसें नसे. इतिहासाच्या तासाला जाणून घेण्यासारखें पुष्कळ असे, पण तें वाचावें लागत नसे. मी सांगत असें आणि मुलें घोकीत. या दोन तासांच्या मधल्या फटींत तो मुलगा पडला होता, आणि चौथीपर्यंत तें माझ्या ध्यानीं आलें नव्हतें.

ही फट कशी बुजवावी याचें उत्तर मला नोकरींत असेपर्यंत सांपडलें नाहीं. तें निवृत्तीनंतर, अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. माझी मुलगी आणि जावई उत्तर इंग्लंडांत असतात. त्यांच्याकडे कांहीं महिने राहण्याचा योग आला. नातू आठ वर्षांचा, तेथल्या प्राथमिक शाळेंत जाणारा. एके संध्याकाळीं तो शाळेंतून आला आणि म्हणाला, "आजोबा, रोमचा एक शिपाई होता ना, त्याला कुणीतरी पायमोजे आणि चड्ड्या पाठवल्या होत्या. तुम्हांला माहीत आहे?" मला वाटलें, पोर थट्टा करीत आहे. मीं विचारलें, "तुला कोणीं सांगितलें?" तो म्हणाला, "कुणी सांगितलं नाहीं, मी वाचलं." हे शब्द ऐकतांच मला माझा जुना विद्यार्थी आठवला.

इंग्लंडांत लहान मुलांना रोम शिकवितात, याला कारण आहे. ज्युलियस सीझर इ. स. पूर्वीं ५५ आणि ५४ या सालीं दोनदां ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरून परत गेला. इ. स. ४३ मध्यें क्लॉडियस बादशहाच्या सैन्यानें तो देश जिंकावयास आरंभ केला, आणि पांचव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत त्या बेटाचा मोठा भाग रोमच्या अमलाखालीं राहिला. म्हणजे तेथील मुलाच्या दृष्टीनें रोम ही सर्वस्वीं परकी गोष्ट नव्हे. त्याच्या गांवच्या रस्त्याखालीं ती पुरलेली आहे. म्हणूनच सप्टेंबर २०१४ पासून अमलांत आलेल्या तेथील राष्ट्रीय अभ्यासक्रमांत सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीं रोमी साम्राज्य आणि त्याचा ब्रिटनवर झालेला परिणाम हा विषय नेमून दिला आहे. त्याच अभ्यासक्रमांत असेंही म्हटलें आहे कीं, मुलांनीं स्वतः प्रश्न विचारावयास शिकावें आणि गतकाळाविषयींचें आपलें ज्ञान नाना साधनांतून कसें उभें राहतें तें समजून घ्यावें. माझ्या मतें खरी किल्ली या दुसऱ्या वाक्यांत आहे.

आतां ते पायमोजे कोठून आले, तें सांगतों. उत्तर इंग्लंडांत विंडोलांडा नांवाचें एक ठिकाण आहे. तेथें पहिल्या शतकाच्या अखेरीपासून रोमी पलटणींची छावणी होती. इ. स. १२२ च्या सुमारास हेड्रियन बादशहाच्या आज्ञेवरून जी सुमारें ११७ किलोमीटर लांबीची भिंत बांधावयास घेतली, तिच्या थोडें दक्षिणेस ही जागा येते. तेथें उत्खनन करीत असतां रॉबिन बर्ली या संशोधकांस १९७३ सालीं ओल्या मातींत लांकडाच्या पातळ ढलप्या सांपडल्या. जाडी एक ते तीन मिलिमीटर, आकार साधारण पोस्टकार्डाएवढा. त्यांवर शाईनें लिहिलेलें होतें! हवेशीर जागेंत लांकूड कधींच कुजून गेलें असतें. पण त्या चिखलांत हवा शिरत नसल्यामुळें तें एकोणीस शतकें टिकलें. उघड्या डोळ्यांना न दिसणारीं अक्षरें अवरक्त किरणांच्या छायाचित्रांत उमटलीं. आजवर अशा सतराशेंहून अधिक पट्ट्या मिळाल्या आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. त्यांपैकींच एका पत्रांत पायमोजे, वहाणांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठविल्याची नोंद आहे.

पालकांना वर्ग पाहावयास बोलाविलें होतें, त्या दिवशीं मीही नातवाच्या शाळेंत गेलों. बाईंनीं मुलांना एका पत्राचें सोप्या इंग्रजींत केलेलें भाषांतर दिलें होतें. क्लॉडिया सेव्हेरा नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीनें इ. स. १०० च्या सुमारास आपली मैत्रीण सुल्पिसिया लेपिडिना हिला पाठविलेलें तें निमंत्रण. लेपिडिना ही विंडोलांडाच्या छावणीचा अंमलदार सेरिआलिस याची पत्नी. सप्टेंबरच्या ११ तारखेस माझा वाढदिवस आहे, तूं आलीस तर तो दिवस मला अधिक आनंदाचा होईल, असा पत्राचा आशय. मुख्य मजकूर लेखनिकाच्या वळणदार हस्ताक्षरांत आहे. परंतु शेवटच्या कांहीं ओळी निराळ्या हाताच्या आहेत, आणि त्या खुद्द सेव्हेरेच्या असाव्यात असें विद्वान मानतात. स्त्रीच्या हातचें लॅटिन लिखाण म्हणून जें जुन्यांत जुनें उपलब्ध आहे, त्यांत याची गणना होते.

बाईंनीं पत्राचा अर्थ सांगितला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "हें कोणीं, कोणाला, कशासाठीं लिहिलें, तें मला सांगा, आणि पत्रांतल्या कोणत्या शब्दावरून तुम्हांला तें कळलें, त्यावर बोट ठेवा." माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी होती. परदेशांतून नुकतीच आलेली, इंग्रजी कच्चें, वाचन अडखळत. तिनें तें पत्र मनाशीं चार वेळां वाचलें. लेपिडिना वाढदिवसाला गेली कीं नाहीं, हें तिला हवें होतें. तें पत्रांत नव्हतें. तिनें हात वर करून विचारलें तेव्हां बाई म्हणाल्या, "तिचें उत्तर हातीं आलेलें नाहीं. तूं लेपिडिना हो आणि उत्तर लिही." त्या मुलीनें सात ओळी लिहिल्या. चुका होत्याच, पण त्या सात ओळी तिच्या होत्या. बोट ठेवावयाचेंच, पण तें पुढें सरकावयाचें, हें मीं त्या दिवशीं पाहिलें.

वाचन-लेखनाप्रमाणें गणितही याच साधनांतून शिकवितां येतें. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्यावी. विंडोलांडाच्या एका पट्टीवर तुंग्रियन लोकांच्या पहिल्या पलटणीची हजेरी लिहिलेली आहे. एकूण माणसें ७५२. बाहेरगांवीं कामगिरीवर गेलेलीं ४५६. तर छावणींत उरलीं किती? २९६. यांपैकीं आजारी १५, जखमी ६ आणि डोळे आलेले १०, मिळून ३१. मग लढण्याजोगे शिपाई किती? २६५. एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या कारकुनाचा हिशेब बरोबर आहे, हें पडताळून पाहतांना मुलांना जो आनंद झाला, तो वजाबाकीच्या कोरड्या उदाहरणांत मीं कधीं पाहिला नव्हता. पुढें बाईंनीं तेच आंकडे रोमी चिन्हांत लिहावयास लाविले. पांचशेंसाठीं डी, शंभरासाठीं सी, पन्नासासाठीं एल, एकासाठीं उभी रेघ. म्हणजे ७५२ साठीं डी, सी, सी, एल आणि दोन उभ्या रेघा. त्यांतून वजाबाकी करूं गेलें कीं मुलें अडखळतात. रोमी लोक हिशेबासाठीं खडे आणि खोबणींत सरकणाऱ्या मण्यांची पाटी कां वापरीत, हें तेव्हां आपोआप समजतें. आणि एकं, दहं, शतं अशा स्थानांवरून किंमत ठरविण्याची आणि शून्याची जी युक्ति भारतानें जगाला दिली, तिचें मोल काय, हेंही समजतें. माझा नातू तो शून्याचा धडा घरीं घेऊन आला तेव्हां त्याची मान किंचित् ताठ होती, हें सांगावयास हरकत नाहीं.

वाचणें, लिहिणें, मोजणें यांच्या पुढची पायरी म्हणजे पारखणें. इ. स. ६० किंवा ६१ मध्यें ब्रिटनमधील आइसेनी लोकांची राणी बूडिका हिनें रोमविरुद्ध बंड केलें. कोल्चेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स या जागीं असलेलीं शहरें तिच्या सैन्यानें जाळलीं. पुढें तिचा पराभव झाला. हें आपल्याला कोण सांगतें? टॅसिटस आणि डायो कॅसियस हे दोन इतिहासकार. टॅसिटसचा सासरा अ‍ॅग्रिकोला त्या सुमारास ब्रिटनमध्यें सैन्यांत होता. डायोनें मात्र शंभरांहून अधिक वर्षांनंतर लिहिलें. टॅसिटस म्हणतो, राणीच्या नवऱ्याच्या मृत्यूनंतर रोमी अंमलदारांनीं त्याचें राज्य लुटलें आणि तिचा व तिच्या मुलींचा छळ केला, म्हणून बंड झालें. डायो दिलेल्या पैशांच्या सक्तीच्या वसुलीवर बोट ठेवतो. दोघेही रोमच्या बाजूचे. बूडिकेच्या बाजूचा एकही शब्द उरलेला नाहीं. मग मुलांनीं काय करावें? दोन्ही हकीगती शेजारीं शेजारीं ठेवाव्यात, कोठें जुळतात आणि कोठें जुळत नाहींत तें पाहावें, आणि तिसरा साक्षीदार शोधावा. हा तिसरा साक्षीदार जमिनींत आहे. कोल्चेस्टर आणि लंडन येथें खणलें असतां त्या काळच्या थरांत जळलेल्या लाल मातीचा पट्टा लागतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एवढें कळलें, कीं छापलेलें वाक्य कोणीतरी लिहिलेलें असतें आणि लिहिणाऱ्याला बाजू असते, तर तें पुढें वर्तमानपत्र वाचील, करारनामा वाचील, निवडणुकीचें पत्रक वाचील, तें डोळे उघडे ठेवून वाचील.

श्रोतेहो, हें सर्व पाहून आल्यावर मला एक जिज्ञासा झाली. ज्या रोमचा इतिहास मुलें वाचीत होतीं, त्या रोमची मुलें स्वतः कशीं शिकत? त्यांची पाटी म्हणजे लांकडी फळी. तिच्या खोलगट भागांत काळें मेण भरलेलें. टोंकदार लेखणीनें त्यावर कोरावयाचें आणि लेखणीच्या चपट्या टोंकानें मेण सारखें करून पुसावयाचें. लंडनमध्यें अलीकडील उत्खननांत अशा चारशेंहून अधिक फळ्या सांपडल्या. त्यांतील एकीवर इ. स. ५७ च्या जानेवारीची ८ तारीख घातलेला कर्जाचा रोखा आहे, आणि दुसऱ्या एकीवर मुळाक्षरांचा कांहीं भाग कोरलेला आहे. विंडोलांडाच्या एका पट्टीवर तर व्हर्जिल कवीच्या महाकाव्यांतील एक ओळ ओबडधोबड अक्षरांत लिहिलेली आहे, आणि तिच्या पुढें निराळ्या हातानें एक अर्धा शब्द. तो शब्द 'ढिलाईनें लिहिलेंस' अशा अर्थाचा शिक्षकाचा शेरा असावा, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. तें खरें असेल, तर अंमलदाराच्या मुलावर डाफरणारा तो पंतोजी माझा जातभाईच म्हणावयाचा.

त्याच काळीं रोममध्यें क्विंटिलियन नांवाचा थोर शिक्षक होऊन गेला. जन्म स्पेनमधला, इ. स. ३५ च्या सुमाराचा. वक्तृत्वाच्या शिक्षणावर त्यानें मोठा ग्रंथ लिहिला. पण आरंभ केला तो अगदीं लहान मुलाच्या अक्षरओळखीपासून. मुलाला खेळावयास हस्तिदंती अक्षरें द्यावींत, फळीवर अक्षरें खोल कोरून त्या खांचांतून त्याची लेखणी फिरवावी, मुलाला मारूं नये, असा त्याचा उपदेश. परंतु मला सर्वांत लागलें तें त्याचें आणखी एक म्हणणें. अक्षरांचा आकार ओळखूं येण्यापूर्वींच त्यांचीं नांवें क्रमानें पाठ करून घेण्याची रीत त्याला पसंत नव्हती. कारण मूल मग अक्षराकडे पाहतच नाहीं. तें स्मरणाच्या मागें धांवतें. म्हणून चांगले शिक्षक क्रम उलटा करतात, अक्षरें मिसळतात, आणि मूल ओळखतें कीं केवळ आठवतें हें पारखून घेतात. हें वाचलें आणि मीं पुस्तक मिटून ठेवलें. एकोणीस शतकांपूर्वीं रोममध्यें बसून या गृहस्थानें माझ्या वर्गांतला तो मुलगा पाहिला होता, आणि मीं तो समोर बसलेला असून पाहिला नव्हता!

येथें एक शंका कोणी घेईल. अक्षरें पक्कीं झालीं नाहींत तोंवर हा इतिहासाचा पसारा कशाला? आधीं वाचन, मग ज्ञान. ही शंका इंग्लंडांतही घेतली गेली. १९९८ सालीं तेथें प्राथमिक शाळांत रोज एक तास भाषेसाठीं राखून ठेवण्याची योजना सुरू झाली, आणि तिला जागा मिळावी म्हणून इतिहास-भूगोलादि विषयांचे ठरीव पाठ्यक्रम कांहीं काळ शिथिल करण्यांत आले. हेतु चांगला होता. परंतु वाचन आणि ज्ञान या दोन गोष्टी इतक्या निराळ्या काढतां येतात काय? अमेरिकेंत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याविषयीं बोलका आहे. सातवी-आठवींतील ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळाचें वर्णन वाचावयास दिलें. वाचनांत कच्चीं पण खेळ जाणणारीं मुलें, वाचनांत पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षां तो मजकूर अधिक चांगला समजलीं. आपल्याकडे क्रिकेटचें वर्णन घेऊन घरोघरीं हा प्रयोग करतां येईल. अर्थात् अक्षरांची ओळख प्रथम पद्धतशीर करून दिलीच पाहिजे. तिला पर्याय नाहीं. पण अक्षर ओळखूं आल्यावर वाक्य समजतें तें मनांत आधीं सांठलेल्या माहितीच्या आधारानें. अमेरिकेंतील इ. डी. हर्श यांनीं १९८६ सालीं स्थापिलेल्या संस्थेच्या पाठ्यक्रमांत तिसरीच्या वर्गाला प्राचीन रोम ठेवला आहे, तो याच विचारानें. इंग्लंडांत बार्बरा बेल यांनीं १९९९ सालीं विंडोलांडाच्या या सेरिआलिस कुटुंबावर आणि त्यांच्या घरांतल्या एका उंदरावर मुलांसाठीं लॅटिनचें पहिलें पुस्तक रचलें, त्यांतही भाषा आणि इतिहास एकाच गोष्टींत गुंफलेले आहेत.

मात्र या पद्धतींत दोन धोके आहेत, ते लपवूं नयेत. पहिला देखाव्याचा. पुठ्ठ्याचीं शिरस्त्राणें करावयाचीं, चादरी पांघरून मिरवावयाचें, आणि दिवस संपला कीं रोम संपलें. त्यांत मौज आहे. पण मुलानें नवें कांहीं वाचलें नाहीं, लिहिलें नाहीं, विचारलें नाहीं, तर तो उत्सव झाला, धडा झाला नाहीं. दुसरा धोका याहून मोठा आहे. रस्ते, स्नानगृहें, पाण्याचे कालवे, बलाढ्य सैन्य, एवढेंच सांगितलें तर मुलांना वाटतें, साम्राज्य म्हणजे केवढी सुंदर गोष्ट! लंडनमध्यें १९९४ सालीं सांपडलेली एक फळी यावर उत्तम उतारा आहे. ती एका मुलीच्या खरेदीखताची आहे. तिचें नांव फॉर्च्युनाटा, म्हणजे भाग्यवती. किंमत ६०० दिनार. शिपायाच्या सुमारें दोन वर्षांच्या पगाराइतकी. मुलगी निरोगी आहे, पळून जाणारी नाहीं, अशी हमी विकणाऱ्यानें दिलेली आहे. आणि तिला विकत घेणारा स्वतःच बादशहाच्या गुलामाचा गुलाम! हें खरेदीखत नातवानें मला वाचून दाखविलें, आणि बराच वेळ गप्प बसून विचारलें, "आजोबा, तिचं नांव भाग्यवती कुणी ठेवलं असेल?" या प्रश्नाचें उत्तर मला आलें नाहीं. परंतु असा प्रश्न ज्या धड्यांतून निघतो, तो धडा वाया गेला असें मी तरी म्हणणार नाहीं.

आतां आपण म्हणाल, हें इंग्लंडचें झालें. आमच्या मुलांना रोमशीं काय कर्तव्य? दूरचा असला तरी हा धागा आपल्या दारापर्यंत येतो. भिंतीवरची दिनदर्शिका पाहावी. जुलै हा ज्युलियस सीझरचा आणि ऑगस्ट हा ऑगस्टस बादशहाचा महिना. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नांवांत लॅटिनमधले सेप्टेम, ऑक्टो, नोव्हेम, डेकेम हे शब्द आहेत. म्हणजे आपले सप्त, अष्ट, नव, दश! दोन्ही भाषा एकाच पुरातन कुळांतल्या आहेत, हें चौथींतल्या मुलालाही कानांनीं ऐकूं येतें. मग तेंच मूल विचारील कीं नववा महिना सातवा कसा? रोमी लोकांचें वर्ष पूर्वीं मार्चपासून सुरू होई, हें त्याचें उत्तर. पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या सागरी प्रवासवर्णनांत पैठण आणि तगर, म्हणजे आजचें धाराशिव जिल्ह्यांतलें तेर, यांचीं नांवें आहेत. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर आणखी दहा दिवस पूर्वेस, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. गाड्या भरभरून माल तेथून बंदराकडे येत असे. भारताच्या मालापायीं रोमी साम्राज्याचीं दरसाल पांच कोटि नाणीं जातात, अशी तक्रार प्लिनीनें केली आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडींत सांपडलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ति तेथल्या संग्रहालयांत आहे, आणि कार्ल्याच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचीं नांवें खांबांवर कोरलेलीं आहेत. ज्या शाळेजवळ असें कांहीं असेल, त्या शाळेच्या गुरुजींना मी एवढेंच सुचवीन: आधीं अर्थ सांगूं नये. मुलांना पाहूं द्यावें, वाचूं द्यावें, विचारूं द्यावें.

सारांश असा कीं, अक्षर हें दार आहे. पण दाराच्या आंत कांहीं असल्याशिवाय मूल तें उघडावयास धडपडत नाहीं. इतिहास हें आंतलें भरलेलें घर आहे. मात्र तें सांगून दाखवावयाचें नसतें. मुलानें आपल्या पायांनीं आंत जावयाचें असतें. रोमचा इतिहास यासाठीं सोईचा, कारण त्या लोकांनीं पायमोज्यांपासून महाकाव्यापर्यंत सर्व कांहीं लिहून ठेवलें आणि त्यांतलें पुष्कळ टिकलें.

माझ्या त्या विद्यार्थ्याचें काय झालें, असें आपण मनांत विचारीत असाल. पुढें वर्षभर शाळा सुटल्यावर मीं त्याला रोज एक नवा, त्यानें पूर्वीं न पाहिलेला कागद वाचावयास दिला. बाजारभावाचें पत्रक, एस. टी.चें वेळापत्रक, खताच्या पोत्यावरचा मजकूर, जें हातीं येईल तें. तो वाचावयास शिकला. परंतु चार वर्षें उशिरा शिकला, आणि सातवीनंतर त्यानें शाळा सोडली.

श्रोतेहो, आपल्या घरांत शाळेंत जाणारें मूल असेल, तर आज एवढेंच करावें. पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून त्याच्यापुढें त्यानें कधीं न पाहिलेला, पण त्याला हवासा वाटेल असा एखादा कागद ठेवावा. आणि त्याचें बोट कोठवर सरकतें तें जवळ बसून पाहावें.